मायची खिडकी

आमच्या चिखलीच्या घरी माय दर वर्षी खिडकीला ज्वारीच्या कणसांची जुडी बांधायची. पाय गेले तशी तिची खाटच त्या खिडकीला लागली. चिमण्या, बुलबुल, भांडकुदळ सातभाई दिवसभर तिथे. लेकीसुनांच्या बातम्यांपेक्षा मायला सातभाईंच्या भांडणात जास्त गोडी.

मग दादाला फोटोंचं वेड लागलं. दुधाच्या कॅनएवढी लेन्स आली. आधी जुडी गेली, कारण फोटोत कणसं दिसली की पाखरू पाळलेलं वाटतं म्हणे. तिच्या जागी बाभळीची वाळकी फांदी रोवून भेगांत बाजरी भरली. खिडकीला हिरवा पडदा लागला, त्याच्या भोकातून फक्त लेन्स बाहेर. मायला दमा. ती खोकली की पाखरं भुर्र.

मी सासरहून, उंद्रीहून गेले तेव्हा तिची खाट आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी होती. तिथून भिंतीशिवाय काही दिसत नाही.

"दादा, मायले इथं काऊन टाकलं?"

"तिच्या खोकल्यानं एक फोटो धड मिळून नाही राह्यला. अन् तिले दिसते तरी किती?"

"तुले तरी कुठं दिसते माय?"

वहिनीने रागाने भांडी आपटली. दादाने तिलाही गप्प केलं, फांदीवर मुनिया बसली होती.

"जाऊ दे वो बाई," माय मला म्हणाली. "रोज दाखवते तो मले मोबाइलात."

कसं दाखवतो तेही संध्याकाळी पाहिलं. माय चष्मा शोधेपर्यंत चार पाखरं बोटाखालून सरकून गेली. "चांगले हायेत," ती म्हणाली. तेच फोटो गावभर फिरतात, खाली लिहिलेलं असतं, मुक्या जीवांना जपा. लोक म्हणतात, किती दयाळू माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ती लेन्स विहिरीत फेकावी इतका संताप आला मला.

दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसला गेला. मी पडदा काढला आणि खाट ओढत खिडकीशी आणली. वहिनीने हात लावला नाही, अडवलंही नाही. थोड्या वेळाने बुलबुलांची जोडी उतरली, अगदी हातभर अंतरावर.

"माय, पाह्य ना!"

मायने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. छाती उडत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नाही.

"खोक वो माय. घरात नाही तो."

तिने जोरात मान हलवली. लागलेला दम ओसरल्यावर बोळा काढून हळूच म्हणाली, "मले आत ने. तो येईन."

बुलबुल तिच्या नाकासमोर दाणे टिपत होते. ती फाटकाकडे बघत होती.