ताडपत्रीखालची गाडी

“सही नको. अंगठा लाव.”

मॅनेजरने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मी म्हटलं, मला लिहिता येतं, दहावी झालीय. तो हसला. “तेच तर नको. सही बघून सरकार पाघळत नाय. उद्या सरकारी साहेबासमोर अंगठाच लाव. चपला बाहेर ठेव आणि फाटकी साडी नेस.”

नोटबंदीच्या पुढचं वर्ष. तलासरीजवळच्या फुग्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. कंपनी बुडतेय म्हणून सरकारकडे मदत मागायची होती. अर्ज आम्हा बायकांच्या नावाने. ‘आम्ही अडाणी आदिवासी महिला कामगार’ अशी सुरुवात. अडाणी. आश्रमशाळेच्या गार फरशीवर झोपून मी दहावी काढली. आमच्या घरातली पहिली सही माझी.

बुडत्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्याच महिन्यात नवी गाडी घेतली. इतकी लांब, की गेटमधून वळेना. मग गेटचा खांब तोडला. त्याच्या दगडविटा आम्हीच डोक्यावरून वाहिल्या.

अधिकारी यायच्या दिवशी ती गाडी लपवायची होती. मॅनेजरने आमची ताडपत्री सोडवली. तिच्याखाली बसून आम्ही डबा खायचो. कारखान्यात आमची म्हणून तेवढीच सावली. ती गाडीवर टाकून दोऱ्या आवळल्या. आम्ही उन्हात, अनवाणी. खालचं सिमेंट तापलेलं. शेजारची जेठीमावशी एकेक पाय उचलून उभी होती. मला माझीच लाज वाटली. कारण फाटकी साडी मी खरंच नेसून आले होते.

अधिकारी टेबलाशी बसले. जेठीमावशीचा अंगठा झाला. माझी पाळी आली तसा मॅनेजरने माझा अंगठा धरून शाईत दाबला. डोकंच फिरलं. हात हिसडला, टेबलावरचं पेन उचललं आणि अर्जाखाली लिहिलं, ‘मला लिहिता येते. साहेबांची नवी गाडी आमच्या ताडपत्रीखाली आहे.’ खाली सही. बापाचं नाव, गाव, सगळं.

अधिकाऱ्यांनी वाचलं. “कुठली गाडी?”

मी जाऊन दोऱ्या सोडल्या.

ते गाडीकडे बघत राहिले. शहाळं पिऊन निघून गेले. मला संध्याकाळी काढलं. मदत मिळाली की नाही, कुणी सांगितलं नाही. जेठीमावशी एवढंच म्हणाली, “तुझ्यापायी माझं पण काम जायचं गो.” ती आजही माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पण पश्चात्ताप नाही.

रेशनच्या मशीनवर मी अंगठा लावते. मशीन मला फाटकी साडी नेसून ये म्हणत नाही. माणसाने मागितला तर देणार नाही. माझी गरिबी पुढे करून कुणी हात पसरला, तर त्या कागदाखाली त्याची श्रीमंती मी लिहीन. पूर्ण नावाने.