लिंबातला बांगडा

"अहो, किती पिळताय! बाबांना बांगडा द्यायचाय, लोणचं नाही!" बायको इतक्या जोरात ओरडली की ताटातल्या बांगड्यांनी डोळे मिटून घेतले, शपथेवर सांगतो. मी चौथं लिंबू पिळलं.

माझे सासरे वेंगुर्ल्याचे. तळलेल्या बांगड्याचा एक घास घेऊन तो कुठल्या बंदरात उतरला ते सांगायचे; आणखी अर्धा तुकडा वाढला, तर होडीचा रंगसुद्धा. पण परवा तापातून उठले आणि जिभेची चवच गेली. आता पुढ्यात येईल ते मुकाट गिळतात. कशालाच नावं ठेवत नाहीत, याचीच घरात धास्ती.

बांगडे तव्यावर पडले. गरम तेलातून लिंबाची वाफ उठली आणि स्वयंपाकघराला हळूहळू भरती आली. फळीवरचे डबे डुलायला लागले, खिडकीतून एक होडी आत शिरली. मला वाटलं, चव काही मरत नसावी. ओहोटीच्या पाण्यासारखी ती लांब कुठेतरी जाऊन पडत असेल, आणि किनारा बिचारा ओली वाळू पसरून तिची वाट बघत असेल. आपण आपल्या हाका मारायच्या, कधी मिठाने, कधी आंबटाने.

बायकोने बाबांपुढे ताट ठेवलं. त्यांनी घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले.

बाबांनी मुलीकडे पाहिलं.

"ह्येच्यात लिंबू आसा. कोकमां संपली काय गो?"