शय्यादानात मिळालेलं मशीन

या सदरातले अनुभव मी गेलं वर्षभर वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा हसलोय. माफ करा. मी प्रेस शॉपमधला, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवरचा माणूस. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत वीस वर्षं काढली. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नाही, असं मी नव्या लोकांना शिकवतो. आता स्वतःवर आल्यावर लिहायला बसलोय. जेवताना वाचू नका, एवढीच विनंती.

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. सोसायटी जुनी, बरेचसे लोक सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. माझे वडीलही केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, म्हणजे मी पक्का दिल्लीचाच. बायको नीलिमा शाळेत शिकवते, दीडपर्यंत घरी येते. तळमजल्यावर पेंडसे काका-काकू. काका वडिलांच्या ऑफिसातले, मला लहानपणापासून ओळखणारे.

मागच्या वर्षी मला झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. स्लीप ॲप्निया. घोरणं तर लग्नापासून होतंच, पण एका शिफ्टला प्रेसच्या शेजारी उभ्या उभ्या माझा डोळा लागला. हात आत नव्हता म्हणून आज दोन्ही हातांनी टाइप करतोय. कंपनीच्या डॉक्टर मॅडमनी सरळ सांगितलं, सीपॅप लावायचं. म्हणजे नाका-तोंडावर मास्क, मास्कला नळी, नळीला एक डबा, आणि तो डबा दाबाने हवा सोडत राहतो, त्यामुळे घसा मिटत नाही. आत एक कार्ड असतं, त्यात किती तास लावलं ते नोंदलं जातं. महिनाभर रोज किमान चार तास दिसले तर मी फ्लोअरवर, नाहीतर स्टोअरच्या खिडकीत. वीस वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाने खिडकीत बसून बोल्ट वाटायचे... मला ते मरणाहून वाईट वाटत होतं.

झोपेची वेळही एकच ठेवा म्हणाल्या. दर आठवड्याला शिफ्ट बदलत राहिली तर मशीनचा उपयोग नाही. म्हणून मी कायमची सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, मागून घेतली. सकाळी साडेनऊला कंपनीची बस सोडते, दहाला पडदे ओढून आडवा, साडेचारला उठायचं.

त्याच आठवड्यात पेंडसे काका गेले.

बाराव्याला आम्ही दोघं खाली गेलो होतो. त्या दिवशी शय्यादान असतं, गेलेल्याच्या नावाने गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला असं सगळं गुरुजींना देतात. दिलेलं त्याला तिकडे पोचतं अशी समजूत. गुरुजींनी गादी घेतली, छत्री घेतली, आणि काकूंनी पलंगाशेजारचा करडा डबा पुढे केला तेव्हा हात मागे घेतला. तो काकांचा सीपॅप होता.

"हे विजेचं लचांड मी कुठे ठेवू, काकू? राहू द्या."

"अहो, पण झोपताना लावायचं आहे ते. अंथरुणाबरोबरच जायला पाहिजे ना," काकू म्हणाल्या.

"मग दुसऱ्या कुणाला तरी द्या. संकल्प मी सांगतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला नेमकं हेच हवं होतं, त्यांना ते माहीत होतं. मी पाटाशी जाऊन बसलो आणि हात पुढे केला. गुरुजींनी मंत्र म्हटला, काकूंनी माझ्या तळहातावर पाणी सोडलं, डबा माझ्या मांडीवर आला. समोर नीलिमा डोळे मोठे करून बघत होती.

जिन्यात तिने मला धरलं. "कुणी शय्यादान घेतं का, यार? गुरुजी घेतात, त्यांचं त्यांना माहीत असतं. तू का बसलास?"

"अगं मशीन आहे ते. मोटर आणि पंखा. बाकी सगळं मी नवीन आणतो."

आणि आणलंच. मास्क नवा, नळी नवी, फिल्टर नवा, पाण्याची टाकीसुद्धा नवी. टेक्निशियनने कार्ड कोरं करून दिलं, दाब माझ्यापुरता लावला. काकांचं म्हणाल तर फक्त डबा राहिला. त्याचा स्क्रीन कधीचाच गेलेला होता, तास कार्ड बाहेर काढल्याशिवाय कळत नसत. मला त्याची गरजही नव्हती.

पहिला आठवडा नुसता किळसवाणा. ज्यांनी सीपॅप लावलाय त्यांना सांगायला नको. हवा पोटात जाते आणि उठल्यावर तासभर ढेकर येत राहतात. लाळ गालावरून मास्कमध्ये उतरते आणि मग आपलीच लाळ आपल्याच नाकाखाली गार होत बसते. आरशात बघावं तर तोंडावर रबराचा वळ. मी मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "आदत पड़ जाएगी, सबको पड़ती है." मी दात-ओठ खाऊन लावत राहिलो.

मग वास यायला लागला.

आधी हलका. किमाम घातलेलं पान चावून झाल्यावर तोंडात जो उरतो तो, आणि त्याच्या खाली शिळ्या कवळीचा. मला पानाचं व्यसन नाही. काकांना होतं. गेटजवळच्या टपरीवरून दिवसाला सहा पानं. मी म्हटलं, डब्यात वास मुरला असेल. डबा उघडला, पंखा स्पिरिटने पुसला, उठल्यावर संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवला. परत लावला तर वास दुप्पट. बरं, वास खोलीत नसायचा. मास्क तोंडावर चढवला की थेट नाकात, दाबाने. दुसऱ्याने तोंडातून सोडलेली हवा मी आत ओढतोय असं वाटायचं. आमच्याकडे दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावत नाहीत, लहानपणी एकाच बाटलीला तोंड लावलं म्हणून आईने फटके दिलेत, आणि इथे मी रोज उष्टी हवा खात होतो. चिडून चिडून मी मास्क ओरबाडून टाकायचो. तास, फार तर दीड तास, बस्स.

अकराव्या दिवशी उठलो तर मास्कच्या आत लाल डाग. हिरड्यातून रक्त आलं असेल म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलो. हिरड्या ठणठणीत. पुढच्या दिवशी डाग पुन्हा, मोठा. पट्टे मी माझ्या डोक्याला घट्ट बसवलेले असायचे, ते शेवटच्या टोकापर्यंत सैल केलेले. माझं तोंड लहान आहे, इतक्या सैल पट्ट्यात मास्क माझ्या छातीवर आला असता. आणि त्या दिवशी मास्कच्या रबराच्या कडेला बोटाला काहीतरी टोचलं. नखाने काढून बघितलं. सुपारीचं खांड होतं, चावून झालेलं, मऊ.

मी बाथरूमपर्यंत पोचलो नाही, बेडरूममध्येच ओकलो. स्वतःचीच शिसारी आली. एवढा मोठा माणूस, फुकट मिळालं म्हणून मेलेल्याच्या अंथरुणातली वस्तू घेऊन आलो आणि वर तोंडाला लावतोय.

तरी सोडलं नाही, कारण महिना पुरा करायचा होता.

नीलिमाने जे पाहिलं ते मला नंतर सांगितलं. ती दुपारी घरी आली तेव्हा मी डाव्या कुशीवर तोंड उघडं टाकून झोपलो होतो. मास्क नव्हता. मास्क स्टुलावर पडलेला, मशीन चालू. मास्क निघाला की हवा फुसफुसत सुटते, अख्ख्या घरात ऐकू येतं. तिला काहीच ऐकू आलं नाही. तिने मास्कसमोर तळहात धरला. हवा एकसारखी येत नव्हती, यायची, थांबायची, मग आत ओढली जायची. गरम, ओलसर. तिने बटण बंद केलं, तीन वेळा साबणाने हात धुतला, आणि त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत झोपते.

"मला वाटलं, तुला सांगितलं तर तू फॉल्ट शोधत बसशील," ती म्हणाली. ते खरं होतं.

महिना भरला. मी कार्ड घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो ते नापास व्हायच्या तयारीनेच. रोज तास-दीड तास लावलेला माणूस चार तास कुठून दाखवणार. मॅडमनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि चष्मा वर केला.

"एवरेज साढ़े छह घंटे. लीक लगभग ज़ीरो. इतना अच्छा पहले महीने में किसी का नहीं आता. क्या बात है."

मी स्क्रीन पाहिला. सकाळी दहा ते साडेचार, रोज, एका लाल रेघेत. फक्त एका दिवशी रेघ दीडच्या सुमाराला तुटलेली होती, नीलिमाने बटण बंद केलं तो दिवस. त्यात माझे तास कुठे संपतात आणि पुढचे कुणाचे, ते मला दिसत होतं. मॅडमना दिसत नव्हतं. त्यांनी फिटनेसवर सही केली. मी थँक यू म्हणालो.

बसमध्ये बसल्यावर मला सुपारीच्या वेळी आली नव्हती तेवढी किळस आली, आणि ती स्वतःची होती. बस द्वारकेला पोचेपर्यंत मी ठरवलं की मशीन परत द्यायचं.

काकू सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. मी डबा टीपॉयवर ठेवला.

"दिलेलं दान परत घेत नाहीत रे, मिलिंद," त्या म्हणाल्या. "का, त्रास देतंय?"

मग मी सगळं सांगितलं. वास, डाग, खांड, नीलिमाचा हात. रागातच सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. वाटलं, घाबरतील, रडतील. त्यांनी फक्त वाटाण्यांची परात बाजूला ठेवली.

"किती तास म्हणालास?"

"साडेसहा."

"रोज?"

मी रिपोर्टची प्रिंट त्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचली.

"ह्यांनी ते दहा मिनिटं पण लावलं नाही कधी," त्या म्हणाल्या. "घाण वाटते म्हणायचे. पान थुंकून मास्क लावा म्हटलं तर पान थुंकायचे नाहीत. मग चार वर्षं हॉलमधल्या खुर्चीत बसून झोप काढली. झोप कसली... श्वास थांबायचा आणि मी आत पलंगावर जागी. परत सुरू होईपर्यंत मी पण श्वास घ्यायची नाही. एक दिवस परत सुरू झालाच नाही."

त्या पदराने डोळे पुसत होत्या, पण चेहरा दुःखी नव्हता.

"साडेसहा तास," त्या पुन्हा म्हणाल्या. "बंद नको करूस रे. प्लीज."

मी इंजिनिअर नसलो तरी मशीन समजणारा माणूस आहे. डबा नंतर सर्व्हिस सेंटरला नेला. मोटर बरोबर, सेन्सर बरोबर, कार्ड बरोबर. ते मशीन श्वास असल्याशिवाय तास मोजतच नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. मग मोजलं कोणाला? नीट शोधलं नाही म्हणावं तर सगळं शोधून झालंय.

मॅडमना मी जाऊन सांगितलं की तो रिपोर्ट जुन्या मशीनचा होता, माझा धरू नका, मला आणखी एक महिना द्या. त्यांनी विचित्र नजरेने पाहिलं पण दिला, आणि तोवर मला स्टोअरमध्ये बसवलं. मी स्वतःचा नवा सीपॅप घेतला. त्यात वास नाही. महिन्याच्या शेवटी सरासरी चार तास चाळीस मिनिटं आली. सगळी माझी. आता मी परत प्रेसवर आहे.

जुना डबा पलंगाच्या दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर आहे, जिथे नीलिमा झोपायची. त्याला वेगळा मास्क घेतलाय, मोठ्या साइझचा. सकाळी दहाला दोन्ही मशीन चालू करतो. साडेचारला उठलो की लॅपटॉपवर कार्ड बघतो आणि काकूंना आकडा पाठवतो. मग बाथरूममध्ये जाऊन तो मास्क धुतो. नीलिमा त्याला हात लावत नाही आणि मी लावू पण देणार नाही. लाल पाणी जाईपर्यंत धुवावा लागतो, कधी खांड निघतं, कधी नुसता चोथा. चिमटीत धरतो, श्वास रोखून धरतो आणि कमोडमध्ये टाकतो. सवय होईल असं सगळे म्हणतात, ह्याची झाली नाही.

गेल्या महिन्यात पाहुणे आले होते, त्या गडबडीत एक दिवस धुवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी कार्डात फक्त दोन तास दिसले. काकूंना मी आकडा तेवढा पाठवला, कारण लिहिलं नाही. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"मास्क धुतला नव्हतास ना?" त्या म्हणाल्या. "त्यांना घाण वाटते रे."