निजवताना बघू नये

आमच्या शेजारच्या आप्पांएवढा तिरसट माणूस अख्ख्या मुलुंडात सापडला नसता. संध्याकाळी मागच्या दारी खुर्ची टाकून बसायचे, ते फुलांकडे पाठ करून. समोर काय, तर सोसायटीच्या कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरचं शेवाळ. पाठीमागे ताटलीएवढे लालभडक डेलिया फुललेले, आणि हे भिंत बघत बसणार! मी नुकतीच लग्न होऊन तळमजल्यावर त्यांच्या शेजारी राहायला आले होते आणि जीभ माझी आधीपासूनच लांब. एकदा विचारलं, आप्पा, भिंतीवर सिनेमा लागलाय का? मान न वळवता म्हणाले, "लागलो हा. तुका दिसाचो नाय."

आप्पा देवगडकडचे, भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झालेले. काकी त्यांच्या अगदी उलट, बोलायला लागल्या की दुधाचं पातेलं उतू गेलं तरी भान नसायचं. एकुलता एक विलास हिमालयात रस्त्यांच्या कामावर ओव्हरसिअर होता. एका दिवाळीला तो सुट्टीवर आला आणि पिशवीतून रताळ्यांसारखं काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं. काकींनी विचारलं, हे उकडायचं की भाजायचं? पोरगा हसून लोळला. ते डेलियाचे कंद होते. त्यानं ते स्वतः मागच्या पट्टीत लावले आणि जाताना आईला सांगून गेला, की तिकडच्या रेस्टहाउसचा माळी हे कंद थंडीत उपटत नाही. पानं काळी पडली की देठ बुंध्याशी कापतो आणि वर देवदाराचा वाळका पाला आणि गवत हातभर रचतो. वर बर्फ पडतं, खाली कंद निजतात. थंडी सरली की आपले आपण उठतात. तेव्हा आई, तूही उपटू नकोस.

त्याच माघात तिकडे बर्फाचा कडा कोसळला. बरोबरची माणसं सापडली, विलास सापडला नाही. तार आली तेव्हा मागच्या दारी त्याचे डेलिया पहिल्यांदाच फुलले होते.

सापडला नाही म्हणजे गेला नाही, हे काकींनी धरलं ते धरलंच. गावाहून दीर आले, पोराचं क्रियाकर्म उरकून घेऊ म्हणाले, त्यांना चहासुद्धा मिळाला नाही. "बर्फाखाली निजता, मरणा नाय," काकी म्हणाल्या. कंद उठले तर विलासही उठणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं. वाटी हरवली, ओळखीचं कुणी वारलं, गावचं घर पडलं, कशालाही तेच: "मातयेत गेला, ता मातयेचा झाला." ते त्या दिवशीही म्हणाले. काकींनी मग कितीतरी दिवस त्यांना नुसतं ताट वाढलं, शब्द नाही.

आता मुलुंडात कुठलं बर्फ! इथे पाऊस. डोंगराच्या कुशीतला पाऊस, पडायला लागला की भिंतींना घाम फुटतो. स्टेशनजवळच्या नर्सरीवाल्यानं मला स्पष्ट सांगितलं, पावसाच्या आधी कंद काढून कोरड्या वाळूत ठेवा, नाहीतर चिखलात त्यांची भाजी होईल. मी काकींना सांगून पाहिलं. काकी ऐकतील तर शपथ! पाऊस म्हणजे इकडचं बर्फच की, म्हणाल्या. मग मे महिना संपता संपता नारळाच्या झावळ्या, गवत, ताडपत्री अशी सगळी जमवाजमव व्हायची, आणि रचायचं काम आप्पांच्या गळ्यात. शिव्या घालत ते करायचे, पण एका अटीवर. निजवताना कुणी बघायचं नाही, दृष्ट लागते. दारावरच्या लिंबू-मिरचीची टिंगल करणारा हा माणूस, त्याला दृष्ट कुठून आठवली कोण जाणे! पण काकींना ते तत्काळ पटलं. त्या देवळात जाऊन बसायच्या आणि माझंही मागचं दार लावून घ्यायला लावायच्या. दसऱ्याला पुन्हा तेच. काकी सोनं वाटायला बाहेर पडल्या की आप्पा एकटे खुरपं घेऊन मागे जाणार, ताडपत्री काढणार, माती मोकळी करणार.

आणि दिवाळीला कोंब यायचे. दरवर्षी! मी तोंडात बोट घालायची. काकी कोंबांना हळदकुंकू लावायच्या, विलासचा स्वेटर उन्हात टाकायच्या, कसर लागू नये म्हणून. आप्पा खुर्ची उचलायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

एका वर्षी सोसायटीनं बिल्डिंगला पिवळा रंग द्यायला घेतला. काकी कासावीस झाल्या, विलासला घर ओळखू कसं येणार? आप्पा त्यांच्यावर खेकसले, वेडी म्हणाले, आणि तसेच चप्पल अडकवून सेक्रेटरीच्या घरी गेले. रंगाच्या वासानं मला दमा होतो, माझ्या दाराला हात लावाल तर याद राखा, असा दम देऊन आले. दमा नव्हता की काही नव्हतं. सगळी बिल्डिंग पिवळी आणि आप्पांचं दार तेवढं निळं, असं ते ध्यान पुढे कायम राहिलं.

आप्पा गेले श्रावणात. पाऊस जरा उघडला होता म्हणून मागे बसले होते, भिंतीकडे तोंड करून. काकींनी चहा नेला तेव्हा मान खाली पडलेली होती.

त्या दसऱ्याला ताडपत्री मी आणि माझ्या नवऱ्यानं काढली. दिवाळी झाली, कोंब नाही. काकी म्हणाल्या, यंदा पाऊस लांबला, उशीर होणारच. तुळशीचं लग्न झालं, तरी नाही. शेवटी एके सकाळी त्यांनीच माझ्या हातात खुरपं दिलं. मी सगळी पट्टी उकरली. कुजलेलं साल नाही, मुळाचा दोरा नाही. नुसती गार माती. काकी उंबऱ्यावर बसून बघत होत्या. नंतर आत जाऊन त्यांनी दिराला कळवायला सांगितलं, की या, आणि पोराचं काय ते करून टाका.

क्रियाकर्म झालं आणि काकींनी गावी जायचं ठरवलं. सामान बांधताना माझ्या नवऱ्यानं माळ्यावरून आप्पांच्या हत्यारांची लाकडी पेटी खाली काढली. ती उचलेना एवढी जड. झाकण उघडलं तर आत वाळू, कोरडी, चाळलेली. मी हात घातला आणि एकेक कंद वर येत गेला. सुंठीसारखे वाळलेले, हलके, दाबले की चुरा होणारे. मेमध्ये नेहमीसारखे काढून ठेवलेले, आणि दसऱ्याला परत लावणारा माणूस उरला नाही.

काकींनी एक कंद उचलला, पदरानं पुसला. दरवर्षी विलासला कोण उठवत होतं, ते त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

"म्हणजे ह्येंका पयल्यापासून म्हायत होता," त्या म्हणाल्या. "एकट्यांका."

मग त्या मागच्या दारी गेल्या. आप्पांची खुर्ची अजून तिथेच होती, भिंतीकडे तोंड करून. मी उकरलेल्या जागी त्यांनी सगळे कंद ओळीनं ठेवले आणि हातानं माती लोटली. उठतील म्हणून नव्हे, एवढं मला समजत होतं. आप्पांचं ते वाक्य त्या पुटपुटल्या, अगदी त्यांच्याच चालीवर, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या. कोपऱ्यात झावळ्या पडल्या होत्या. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी विचारलं, वर घालू का?

"नको गो," काकी म्हणाल्या. "आता उघड्याच रवांदे."