सुई ओवल्याशिवाय चष्मा नाही

आमचे भाऊजी लोकांना फसवतात, असं पाच वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं तर मी लाटणं घेऊन त्याच्या मागे धावले असते. गुडघे दुखत असले तरी धावले असते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. एकदा शाळेतून चुकून दुसऱ्या मुलाचं खोडरबर दप्तरात आलं, तर हे पोरगं जेवेना. भर उन्हात त्या मुलाच्या घरी जाऊन खोडरबर देऊन आले, तेव्हा कुठे ताटावर बसले. मी चिडवायची, "भाऊजी, तुम्ही फार मोठे होणार नाही. एवढा सरळ माणूस फार तर चष्मेवाला होईल." आणि खरंच झाले की!

घराच्या खाली त्यांचं दुकान. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागेल एवढं अरुंद. एका भिंतीला आरसा, दुसरीला अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली मुंगीएवढी. मी दुसरीपर्यंतच शिकलेली. बाकीचं वाचन त्या तक्त्यावर झालं. माझे हे गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, वर एकट्या बसून भिंतीशी काय बोलणार? खाली या, माझ्याशी भांडा." जाऊबाई त्याआधीच गेल्या होत्या. तेव्हापासून मी दुकानात. काचा पुसायच्या, स्क्रू वेचायचे आणि दुपारी भांडायचं.

भाऊजींच्या दुकानाची एक रीत होती. टेबलावर एका डबीत सुई आणि काळा दोरा ठेवलेला असायचा. वाचायचा चष्मा तयार झाला की आधी ते गरम वाळूच्या भांड्यात चष्म्याची काडी धरायचे, मऊ करायचे, गिऱ्हाइकाच्या कानामागे लावून बघायचे, परत वाकवायचे. मग डबी पुढे. "ओवा." सुई ओवली गेली तरच चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात. नाही ओवली, तर काचा काढून पुन्हा सगळं पहिल्यापासून. एका हेडमास्तरांना त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. ते वैतागले, "अहो, मला शिंपी व्हायचं नाहीये!" भाऊजी म्हणाले, "नका होऊ. पण चष्मा माझ्या दुकानातला आहे."

अशा माणसाचं हे सांगतेय मी.

आधी लोकांनी त्यांना फसवलं, हेही सांगायला हवं. मोठमोठी चष्म्याची दुकानं फोनमध्ये आली. लोक आमच्याकडे यायचे, डोळे तपासून घ्यायचे, सात फ्रेमा घालून बघायचे, आरशात फोटो काढायचे. मग "घरी विचारून येतो" म्हणायचे, आणि भाऊजींनी लिहिलेला नंबराचा कागद घेऊन फोनवरून दुसरीकडे चष्मा मागवायचे. वर काडी सैल झाली की तो फोनवरचा चष्मा घट्ट करायला आमच्याकडेच! भाऊजी मुकाट्याने करून द्यायचे. नंतर म्हणायचे, "वहिनी, आपल्या घरी जेवून शेजारच्यांच्या स्वयंपाकाचं कौतुक करतात बघा."

मग जावई आले. भाऊजींचे जावई, दुसऱ्या शहरातले. त्यांनी फोनमध्ये दुकान काढून दिलं. असं झकपक नाव दिलं की आमचं आम्हालाच ओळखू येईना. पहिले काही महिने भाऊजी नीट वागले. आलेल्या नंबराच्या काचा स्वतः घासायचे, डबीवर नाव लिहायचे. पण बाजारात स्वस्तातला माल आला तसे जावई फोनवर ओरडायला लागले, "बाबा, एका चष्म्यावर दोन तास घालवता? तयार चष्मे मागवा पोत्याने. जवळचा नंबर टाका आणि पाठवा."

पोती आली. त्यात तीनच नंबर होते, दीड, दोन आणि अडीच. कुणी सव्वादोन मागितला की अडीच. पहिल्यांदा असं केलं तेव्हा भाऊजींनी ते पार्सल दोन दिवस टेबलावरच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी पाठवलं. काहीच झालं नाही. ना कुणी आलं, ना कुणी तोंड वेडंवाकडं केलं. मग कुणी तीन मागितला तरी अडीच, साडेतीन मागितला तरी अडीच.

मी एकदा टोकलं. "भाऊजी, सुईचं काय?"

"वहिनी, दुकानात माणूस येतो," ते चिकटपट्टी कापत म्हणाले. "फोनमध्ये ऑर्डर येते. ऑर्डरीला डोळे असतात का?"

मी हसले. आणि पुढची डबी त्यांच्या हातात दिली. कारण पार्सलं मीच बांधत होते ना! पत्ते मला धड वाचता येत नव्हते. कुठली कुठली गावं. मला ती माणसं वाटायचीच नाहीत, भाजीच्या जुड्या बांधाव्यात तशी बांधायचे.

तक्रारी यायच्या. भाऊजींनी एक उत्तर तयार करून ठेवलं होतं, तेच सगळ्यांना जायचं: नवीन चष्म्याची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात, न चुकता वापरा. त्यावरही कुणी वाद घातला की ब्लॉक. मला दाखवायचे, "बघा, बोट लावलं की माणूस गेला. दुकानातून कुणाला 'जा' म्हणायला मला उभ्या जन्मात जमलं नाही."

आणि फोनवर चष्म्याखाली गिऱ्हाइकांची म्हणून असते ती स्तुती. तीही आम्हीच लिहायचो. भाऊजी विचारायचे, "वहिनी, एखाद्या वयस्कर बाईसारखं काहीतरी सांगा."

"म्हणजे कशासारखं? मी कोण आहे मग, कॉलेजकुमारी?"

"सांगा हो!"

मी सांगितलं, "सासूबाईंना चष्मा इतका आवडला की मला जवळ घेतलं." माझ्या सासूबाई! तीस वर्षांत त्यांनी मला फक्त खालीवर बघितलं. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. तेव्हाच आणखी एक सांगितलं होतं: "माझं वय सत्तर. आता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा चष्म्याने स्वच्छ वाचते." भाऊजी म्हणाले, हे फक्कड आहे, सगळ्यात वर लावतो. मला जरा अभिमानच वाटला. दुसरी शिकलेल्या बाईचं वाक्य छापून आलं.

गेल्या वर्षी एक बाई दुकानात आल्या. माझ्याच वयाच्या. हातात कापडी पिशवी, आणि पायरी चढताना भिंतीला धरलेलं. स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं, मग पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. डबी आमची होती. चिकटपट्टी माझी होती, मी टोक दुमडून ठेवते, सोडवायला सोपं जावं म्हणून.

"चार तास बसने आले," बाई म्हणाल्या. "डबीवर हा पत्ता होता. त्या फोनवरच्या दुकानाशी तुमचा काही संबंध आहे का हो?"

भाऊजी म्हणाले, "नाही. ते लोक आमचा पत्ता टाकतात नुसता. पण बोला ना ताई, काय झालं?"

इतकं पटकन म्हणाले! मी त्यांच्याकडे बघितलं. ते काच पुसत होते, आधीच पुसलेली.

बाईंनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला साखरेचा आजार. रोज सकाळी पोटात सुई टोचायची, औषध नळीत रेघा मोजून भरायचं. बारा वर्षं त्याच करत होत्या. जुना चष्मा फुटला म्हणून फोनवरून मागवला, साडेतीनचा. "खाली एका बाईंनी लिहिलं होतं, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं म्हणून. म्हटलं, मला हाच पाहिजे."

मी स्क्रूंची वाटी उगाच पुढे ओढली.

"आला तेव्हापासून रेघा धूसर दिसायच्या. शेजारच्या मुलीकडून लिहून विचारलं. उत्तर आलं, पंधरा दिवसांत सवय होते. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, खरं असेल." बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "अकराव्या दिवशी दहाच्या जागी वीस भरलं गेलं. मी पाणी तापवून आले तर हे खुर्चीत वाकडे झालेले."

"आता कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत. जीव वाचला. पण बोलत नाहीत, भिंतीकडे बघत असतात. मुलाने त्याच्याकडे नेलंय. मला म्हणतो, आई, तुझे डोळे गेलेत, तुला कळत होतं आणि तू लपवलंस. बाबांना तुझ्या हातात देणार नाही. भेटायला गेले की दारातच उभी करतो." त्यांनी चष्मा डबीतून काढून भाऊजींपुढे केला. "मला पैसे नकोत, भांडायचंही नाही. तुम्ही जाणते आहात. माझे डोळे तपासा, हा चष्मा तपासा, आणि चूक कुणाची ते एका कागदावर लिहून द्या. मुलाला दाखवते. तेवढंच पाहिजे."

भाऊजींनी डोळे तपासले. पूर्वी तपासायचे तसेच, घाई न करता, एकेक काच बदलत. साडेतीन. बाईंचं बरोबर होतं. मग पोत्यातल्या चष्म्याची काच यंत्राखाली धरली. त्यावर काय दिसणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी नवीन चष्मा बनवायला घेतला. दीड तास लागला. काचा स्वतः घासल्या, वाळू तापवली, काडी मऊ केली, बाईंच्या कानामागे लावली, काढली, परत वाकवली. काम एक नंबर. मग कितीतरी दिवसांनी ती सुईदोऱ्याची डबी बाहेर काढली. झाकणावर धूळ होती. "ओवा, ताई."

बाईंनी पहिल्याच फटक्यात सुई ओवली. दोरा ओढून धरला आणि आमच्याकडे बघून हसल्या. त्या आल्यापासून पहिल्यांदाच हसत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत! लिहा ना आता."

भाऊजींनी कागद घेतला. लिहिलं: आजच्या तपासणीत जवळचा नंबर साडेतीन. खाली तारीख आणि सही.

"आणि त्या चष्म्याचं?"

"ताई, त्याचं काही सांगता येत नाही. नंबर मागेपुढे होतो. तेव्हा तुमचे डोळे कसे होते, ते आज कोण सांगणार?"

हे त्यांनी बाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी पन्नास वर्षं ओळखते या माणसाला. समोरच्या तोंडाकडे बघून खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ते फोनपुरतंच आहे. बोटाची सवय जिभेला कधी लागली, मी शेजारी बसून असताना मला कळलंच नाही.

बाईंनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. भाऊजींनी नव्या चष्म्याचे पैसे घेतले नाहीत. बाईंना त्याचंच कौतुक वाटलं. "देव माणूस आहात," म्हणाल्या आणि भिंत धरत पायरी उतरल्या.

भाऊजी हात धुवायला आत गेले. मी पावतीच्या पाठीमागे लिहिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "चष्मा अडीचचा होता. बाईंनी साडेतीन मागितला होता. बाईंचे डोळे बरोबर आहेत. फोनवरचं दुकान आमचंच आहे." खाली दुकानाचा शिक्का मारला, आणि गुडघे धरत बसथांब्यावर गेले.

बाई बाकावर बसल्या होत्या. मी कागद दिला. नव्या चष्म्याने त्यांनी सगळं वाचलं, एकदा, मग परत.

"आणि ते औषधाच्या बाटलीचं वाक्य," मी म्हटलं, "ते मी सांगितलं होतं. तेव्हा मला औषधाची बाटली वाचता येत नव्हती."

मला वाटलं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, कपाळ, नाक, हनुवटी, जसं काही त्या माझं माप घेत होत्या. मग म्हणाल्या, "दिसायला तर तुम्ही अगदी माझ्या बहिणीसारख्या आहात हो."

बस आली आणि त्या गेल्या.

परत आले तेव्हा भाऊजी दारात होते. शिक्का टेबलावर उघडा पडला होता, त्यांना सगळं कळलं होतं. "वहिनी, उद्या तिचा मुलगा पोलीस घेऊन आला तर?"

"येऊ दे."

"वर तुम्हीही राहता, वहिनी. या दुकानावर तुमचंही पोट चालतं."

"माहितीय. म्हणूनच माझं नाव घातलं नाही त्यात," मी म्हटलं. "शिक्का तुमचा लावला. बघा, मी काही तुमच्यापेक्षा चांगली नाही."

त्यानंतर ते माझ्याशी भांडत नाहीत. दुपारी आम्ही दोघं आपापल्या कोपऱ्यात असतो. मी पार्सलं बांधणं सोडलं, आता ते स्वतः बांधतात, टोक न दुमडता. मुलगा आला नाही, पोलीसही आले नाहीत. बाईंना घरात घेतलं की नाही, ते मला कळलेलं नाही. कळायला पत्ता लागतो, आणि तो त्या पार्सलवर होता. मी तो नीट वाचला नव्हता.

तक्रारी वाढल्या तेव्हा जावयांनी फोनवरचं जुनं दुकान बंद करून दुसऱ्या नावाने उघडलं. फोटो तेच, चष्मे तेच. परवा शेजारणीच्या फोनवर बघितलं, माझं वाक्यही तिथेच आहे, सगळ्यात वर. भाऊजींना म्हटलं, ते तरी काढा. म्हणाले, मला काढता येत नाही, जावयांना विचारतो.

अजून विचारतायत.