चौथ्या मजल्यावरून दिसणारा रंग

मो छाईयुननं अकरा वर्षं चीनमधल्या लिउचौ शहरात एका बस बांधणीच्या कारखान्यात फवाऱ्यानं रंग मारला. मग एका वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासणीत पांढऱ्या पेशी फार उतरल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रंगाच्या वाफेत परत जायचं नाही. सदतिसाव्या वर्षी ती थानच्या दुकानात गाड्यांवर रंगीत प्लास्टिकची फिल्म चढवायला शिकू लागली. बरोबरची पोरं विशीतली. पहिल्या वर्षात तिनं इतकी फिल्म वाया घालवली की थान म्हणायचा, "मो ताई, तुम्ही गाडी झाकताय की भाजी बांधताय?" ती सोललेला तुकडा उलटा धरून कुठे ताण जास्त पडला ते बघत बसायची.

याला आता नऊ वर्षं झाली होती. गावात छोट्या विजेच्या गाड्यांना रंगीत फिल्म लावून घ्यायचं वेड होतं, आणि दाराचे कोपरे, आरशांचे कान असल्या अवघड जागा थान तिच्यावरच सोपवायचा. आतला मूळ रंग जसाच्या तसा राहतो, वरून गाडी हवी त्या रंगाची दिसते, नको झालं की सोलून काढता येतं. आपण कशावर काहीच कायमचं मारत नाही, हे तिला या कामात सगळ्यात आवडायचं.

त्या पावसाळ्यानंतर एका सकाळी लियाओ देफू नावाचा म्हातारा एक फिकट गुलाबी गाडी घेऊन आला. रेल्वेच्या रुळांवर काम करून निवृत्त झालेला, पाठीत किंचित वाकलेला. गाडी तरण्या पोरीची वाटत होती. मागच्या काचेला आतून एक कापडी ससा चिकटवलेला होता.

"रंग बदलायचाय," तो म्हणाला.

"कोणता हवा, काका?"

"कोणताही. गुलाबी सोडून."

छाईयुननं नमुन्यांची चळत पुढे सरकवली. त्यानं बघितलंच नाही.

"असा कोणताही रंग लावत नसतात," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षं डोळ्यांसमोर राहणार. रोज बघणारं घरात कोण आहे? त्यांना घेऊन या."

"तिलाच तर सांगायचं नाहीये."

मग त्यानं थोडं थोडं सांगितलं. गाडी मुलीची, युएलिंगची. दवाखान्यात परिचारिका होती. चैत्राच्या सुमारास एका सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि दुपारी गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. एकुलती एक. आता गाडी तोच चालवतो, बाजाराला, औषधांना. बायको चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसलेली असते. फाटकातून गुलाबी गाडी आत वळली की उठते आणि शेवयांचं आधण चुलीवर ठेवते. पोरगी कामावरून आली की लगेच खायला लागायचं तिला. तो जिना चढून वर पोचेपर्यंत पाणी उकळत असतं आणि बायको त्याच्याकडे बघत उभी असते.

"सहा महिने झाले," तो म्हणाला. "तुम्ही लावा काहीतरी. एकदा गाडी गुलाबी दिसायची बंद झाली की सुटेल बिचारी."

छाईयुननं नमुने गोळा केले. "काकूंना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"गाडी आता माझ्या नावावर आहे."

"असेल."

"तुम्हाला धंदा नको का?"

थान आतून डोकावला, पण छाईयुनचा चेहरा बघून परत गेला. म्हातारा तणतणत निघून गेला.

तिला त्याचा राग समजत होता. पण तिची आई डोंगरातल्या गावी वारली, तेव्हा ती कारखान्यात होती. बस चुकून ती एक दिवस उशिरा पोचली, तोवर भावांनी रिवाजाप्रमाणे आईचे सगळे कपडे नदीकाठी जाळून टाकले होते. कुणाचं काही चुकलं नव्हतं. वहिनी तर म्हणाली, ते बघून तुला त्रास झाला असता. छाईयुननं मान हलवली होती. त्या वेळी जे बोलायचं राहिलं ते कधी बोलताच आलं नाही. न विचारता कुणाच्या समोरची वस्तू हलवायची नाही, एवढं मात्र तिच्या मनात पक्कं बसलं.

चौथ्या दिवशी दुपारी छाईयुन शेवयांचा वाडगा घेऊन बसली होती. गुलाबी गाडी दुकानासमोर थांबली. म्हातारा उतरला. त्याच्यामागून, गाडीतून नव्हे तर समोरच्या बसथांब्यावरून, एक ठेंगणी बाई रस्ता ओलांडून आली. तिनं गाडीकडे बघायचंही टाळलं आणि सरळ छाईयुनसमोर उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला परत पाठवणारी तूच का?"

"हो, काकू."

"यानं रात्री सगळं ओकलं." बाईचं नाव चिउफांग. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? मी वेडी झालेय? ती नाहीये हे मला सकाळी डोळे उघडायच्या आधी माहीत असतं."

"मी तसं म्हटलं नाही."

"फाटकापासून गाडी लावेपर्यंत दोन मिनिटं जातात. तेवढ्यापुरतं मी कळू देत नाही स्वतःला. दिवसातनं दोन मिनिटं. आणि हा तेवढीही काढून घ्यायला निघालाय."

दुकानात हवेच्या पंपाचा आवाज चालू होता. कुणीतरी तो बंद केला. म्हातारा नमुन्यांच्या टेबलाशी उभा होता, दोन्ही हात टेबलावर टेकून.

"तुझी दोन मिनिटं होतात," तो म्हणाला, "मग दार उघडतं आणि मी उतरतो."

चिउफांगनं वळून बघितलं.

"खिडकीत तुझं तोंड दिसतं मला. रोज दिसतं. मी उतरलो की ते कसं होतं, ते तू कुठे बघतेस? चार मजले चढताना वाटतं, मी नसतो आणि ती असती तर बरं झालं असतं. तुलाही तसंच वाटत असेल."

"मूर्खा!" ती एकदम ओरडली. "म्हाताऱ्या, तोंड सांभाळ!" आणि तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. म्हातारा तिच्याजवळ गेला नाही. त्याला जमलं नाही. छाईयुननं गरम पाण्याचा पेला आणून तिच्या गुडघ्याशी ठेवला आणि शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

पेला रिकामा करून चिउफांगनं विचारलं, "आतलं गुलाबी जातं का?"

"नाही. उन्हानं उडायचं तेही थांबतं. उद्या सोललं तरी आज आहे तसंच निघेल."

"दार उघडल्यावर?"

"दाराच्या आतल्या कडांनाही लावतो आम्ही, म्हणजे दुसरा रंग डोकावत नाही."

"तिथे लावू नको. डोकावू दे."

थान पुढे होऊन म्हणाला, अर्धवट काम वाटेल, लोक दुकानाला नावं ठेवतील. "ठेवू देत," छाईयुन म्हणाली.

मग चिउफांग उठली आणि नमुने एकेक करून बाहेर उन्हात नेऊन बघू लागली. "तुझा रंग कोणता?" तिनं नवऱ्याला विचारलं. चौतीस वर्षांच्या संसारात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. त्यानं आयुष्यभर रेल्वेनं दिला तो डगला घातला होता. शेवटी त्यानं एक निळसर करडा तुकडा उचलला.

"हा? हा वरून डांबरासारखा दिसेल. तू आलास की नुसताच रस्ता आहे ते कसं कळणार मला?"

तो किंचित हसला. छाईयुननं त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यानं दुसरा उचलला, गडद हिरवा, चहाच्या जुन्या पानासारखा. तिनं तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले, आणि मान डोलावली.

काम दोन दिवस चाललं. मागच्या कोपऱ्यावर युएलिंगनं खांबाला घासलेला ओरखडा होता. तो भरायचा का, असं छाईयुननं फोन करून विचारलं. दोघंही नको म्हणाली. त्यावरून फिल्म नीट बसेना, हवा धरायची. तिनं तेवढा भाग तीनदा सोलला, साबणाच्या पाण्यानं पुन्हा भिजवला, गरम हवा देऊन हळूहळू दाबत नेला. शेवटी बसली. बोट फिरवलं तर ओरखड्याची रेघ हिरव्याखालून हाताला लागत होती. कापडी सशाला तिनं धक्का लावला नाही. दाराच्या कडांशी पातं चालवताना तिनं श्वास रोखून धरला, कारण तिथे रंगावर चरा उमटला असता तर तो कायमचा राहिला असता.

गाडीचा नवा फोटो लावून नोंदणीच्या कागदांवर रंग बदलून घ्यायचा होता. तेही तिनं म्हाताऱ्याबरोबर जाऊन करून दिलं.

महिन्यानं तो कडा तपासून घ्यायला आला. पहिले काही दिवस वाईट गेले, म्हणाला. फाटकातून आत वळलं की चिउफांग खिडकीतून नुसती बघायची, ओळखच नसल्यासारखी. आधण बंद झालं. एकदा त्यानं स्वतःच उकळायला ठेवलं, तर ती ते ओतून देऊन झोपली. त्याला वाटलं, आपण मोठी चूक करून बसलो.

"आणि आता?"

"परवा मी गाडी लावत होतो. वरून ओरडली, म्हाताऱ्या, कांद्याची पात विसरलास का? सगळ्या इमारतीनं ऐकलं. विसरलो होतो. परत गेलो आणायला."

छाईयुननं मागच्या चाकावरची किंचित उचललेली कड अंगठ्यानं दाबून बघितली, गरम हवा दिली, आणि पुन्हा दाबली. रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या सावलीत चिउफांग पिशवी घेऊन उभी होती. या गाडीत ती अजून बसत नव्हती. नवरा हिरवी गाडी सावकाश बाहेर काढून समोरून गेला, तेव्हा तिनं हात वर केला आणि आपली बस आली का ते बघायला वळली.