मोकळा राहिलेला चौकोन

करंजाड्याच्या पलीकडे सरकारी भूसंपादन होऊन तशीच पडून राहिलेली भातशेती आहे. नांगर सुटल्यावर तिथे रान आपोआप कसं परततं, ते मी कितीतरी वर्षं बघत आलेय. काही लावायचं नाही, काही उपटायचं नाही. खुंट्या ठोकून आखलेल्या चौकोनांत दर हिवाळ्यात जायचं आणि खोडांचा घेर मोजायला फीत लावायची, एवढंच काम. आधी कॉलेजातले विद्यार्थी सोबत यायचे. आता मी निवृत्त झालेय, गुडघे कुरकुरतात आणि खांदेश्वरहून तिकडे जायचं म्हटलं की रिक्षावाले मान फिरवतात. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. झाडं वाढतात, हे सिद्ध करायला अख्खा जन्म घालवावा का, असं हल्ली फार वाटतं.

एका चौकोनात मात्र काहीच धरत नव्हतं. आजूबाजूला पळस, खैर, बोरी माजलेल्या आणि तेवढा तुकडा झाडूनपुसून ठेवल्यासारखा. मी मातीला दोष दिला, खारेपणाला दिला, गुरांना दिला. त्यावर वर्गात एक झकास व्याख्यानही झोडलं. मग एका सकाळी तिथे एक म्हातारी सापडली, विळा घेऊन उकिडवी बसलेली. शेत तिचंच होतं. सरकारने घेतलं होतं, पण त्यावर कधी काही बांधलंच नाही.

"आज ना उद्या परत देतील," ती म्हणाली. "तवा लगेच पेरता आला पायजे. रान माजलं त कोन देनार?"

मी तो चौकोन अभ्यासातून वगळला आणि तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला. पुढे दरवर्षी तसंच चालू राहिलं.

गेल्या हिवाळ्यात ती दिसली नाही. गावात तिच्या घरी गेले, तर कंबर मोडून खाटेवर पडलेली.

"बाय, तू जातंस ना तिकरं? तेवरी रोपटी उपटून टाक."

हात लावू नका म्हणून मी जन्मभर पोरांवर ओरडत आले. तरी गेले. तुकडाभर पळस उठला होता. दोन्ही हातांनी ओढलं, तर वरची काडी तुटून हातात आली, मूळ जागचं हललं नाही. ती दरवर्षी वरून कापत होती आणि खाली मुळं जाड होत होती. तिला हे कधीच जमणार नव्हतं. मला हे शिकवून शिकवून पाठ होतं, तरीही मी दुपारपर्यंत ओढत बसले. शेवटी रडू आलं, रागाने आणि थकून.

तिला जाऊन खोटं सांगता आलं असतं. तेवढीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

"मावशी, पळसाची मुळं खोल गेलीत. आता निघत नाहीत."

मग सुनेला हाक मारून तिने माळ्यावरची बरणी काढायला लावली. त्यात त्या शेताचं शेवटचं बियाणं होतं, कडुलिंबाच्या पाल्यात जपलेलं भात. इतकं जुनं भात उगवत नाही, हे मला बघताक्षणी कळलं. ते सांगायची वेळ तिने माझ्यावर आणली नाही.

"कोंबऱ्यांना घाल," ती सुनेला म्हणाली.